पत माणसाची की जमिनीची?

मंडळी, 'पत' हा आपला शब्द मोठा गमतीचा आहे. त्यात अब्रूही आहे आणि उधारीही आहे. 'बाजारात त्याची पत गेली' म्हटलं की पैसा गेला की नाव गेलं, हे वेगळं काढता येत नाही. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, हिशेबात कच्चा. पण 'हा मनुष्य पैसे फेडील' असं सावकार मनाशी म्हणतो, तेव्हा त्याला नेमकं काय ठाऊक असतं? हा ज्ञानाचाच प्रश्न आहे, म्हणून मी त्यात शिरतो.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यात, भीमथडी तालुक्यातलं सुपे. शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं-घरं गाठली आणि वह्या, कर्जरोखे जाळले. पुढं लोण पुणे-नगरच्या बऱ्याच गावांत पसरलं. लक्षात घ्या, ज्यांनी कागद मुकाट्यानं हवाली केले त्यांच्या अंगाला लोक सहसा हात लावत नव्हते. राग होता तो कागदावर.

का? तर पूर्वी सावकाराला वसुली बहुतांशी स्वतःच्या बळावर करावी लागे. त्यामुळं तो माणूस बघे, बैल बघे, पीक बघे, गावात शब्दाला किंमत आहे का ते बघे. आणि बेतानंच देई. इंग्रजी अमलात जमीन विकता येऊ लागली, दिवाणी कोर्टं आली. माणूस बुडाला तरी हुकूमनामा मिळणार, मग माणूस कशाला पारखायचा?

त्यात १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध. तिकडचा कापूस बंद, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव. सावकारांनी सढळ हातानं पैसा दिला. युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि याच सुमारास इंदापुरापासून सारावाढ सुरू झाली. माणूस तोच, रान तेच; १८६४ला तो पतदार होता, चार-पाच वर्षांत बुडीत ठरला! म्हणजे मोजली होती ती त्याची ऐपत नव्हतीच, मोजला होता लिव्हरपूलचा भाव.

कायद्यानंही भर घातली. १८५९च्या मुदतीच्या कायद्यानं अशा रोख्यांची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू चांगला, पण घडलं उलटं. दर तीन वर्षांनी नवा रोखा, आणि थकलेलं व्याज त्यात मुद्दल होऊन बसायचं. वाचता न येणारा कुणबी खाली नांगराची निशाणी करायचा.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. न्यायाधीशानं रोख्यावरचा आकडा खरा मानायचा नाही; व्यवहार मुळापासून तपासायचा, पहिल्यांदा हातात किती पडले इथून. शिवाय कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणं बंद झालं. न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याखाली न्यायाधीश म्हणून बरंच काम केलं. सावकार मात्र हुशार! त्यांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली. 'पैसे आण, रान परत घे' ही बोली फक्त तोंडी.

एक आठवण सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या कर्जाला मी जामीन राहिलो. बँकेतल्या साहेबांनी माझी पगाराची पावती मागितली, नोकरीची किती वर्षं उरलीत ते विचारलं, चार ठिकाणी सह्या घेतल्या. मुलगा बाहेर बाकावर बसला होता. त्याला आत कोणी बोलावलंच नाही.