डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. नाशिकला माझ्या एका शिक्षकमित्राच्या गाडीत सकाळी निघालो, तर समोर एक पिवळा दिवा लागलेला. घोड्याच्या नालेसारखी आकृती आणि तिच्यात उद्गारचिन्ह. ही आकृती म्हणजे टायरचा आडवा छेद. चाकातली हवा कमी झाल्याची ही सूचना असते. अर्ध्या तासाने दिवा आपोआप विझला. मित्र म्हणाला, "रोज असंच होतं. गॅरेजवाला म्हणतो सेन्सर बिघडलाय, लक्ष देऊ नका."

सेन्सर खरोखरच बिघडला होता का? उत्तर शोधण्यापूर्वी हा दिवा गाडीत आला कसा, ते पाहू.

हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ साली घेतले. पुढे ते विस्मृतीत गेले आणि १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप यांनी तीच कल्पना नव्याने शोधली. तेव्हापासून चाकातील हवेवर लक्ष ठेवणे हे वाहन चालवणाऱ्याचेच काम झाले. ट्रकचे क्लीनर आजही चाकावर दांडका मारून आवाजावरून हवेचा अंदाज घेतात. डोळ्यांवर मात्र विसंबून चालत नाही. आजच्या रेडियल टायरची बाजू पुरेशी हवा असतानाही थोडी फुगलेली दिसते. त्यामुळे हवा बरीच कमी झाली तरी ते नजरेला कळत नाही.

आणि हवा कमी असणे धोक्याचे का? ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचे चाक सेकंदाला सुमारे १२ वेळा फिरते. प्रत्येक फेरीत टायरचा प्रत्येक भाग जमिनीवर दबतो आणि पुन्हा सरळ होतो. दबताना खर्च झालेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही, काही भाग उष्णतेत जातो. हवा कमी असेल तर टायर अधिक दबतो व अधिक तापतो. शेवटी आतील थर सुटू लागतात.

१९८६ सालच्या पोर्श ९५९ या महागड्या गाडीत हवेचा दाब मोजणारी यंत्रणा होती. पण सर्वसामान्य गाड्यांपर्यंत ती पोहोचली ती एका मोठ्या दुर्घटनामालिकेनंतर. अमेरिकेत फोर्ड एक्स्प्लोरर या गाडीच्या फायरस्टोन टायरांचे वरचे थर धावता धावता सुटू लागले व गाड्या उलटल्या. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवण्यात आले. या अपघातांशी २७१ मृत्यूंचा संबंध जोडला गेला. फोर्डने या गाडीसाठी दर चौरस इंचाला २६ पौंड हवा सुचवली होती, फायरस्टोनच्या मते ती ३० हवी होती. दोष टायरचा की गाडीचा, यावर दोन्ही कंपन्या भांडत राहिल्या. अमेरिकी संसदेने मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरात कायदा करून नव्या गाड्यांत इशाऱ्याची सोय सक्तीची केली.

आता प्रश्न आला, दाब मोजायचा कसा? एक मार्ग सरळ होता. प्रत्येक चाकात दाबमापक बसवायचा आणि त्याने रेडिओ लहरींनी खबर द्यायची. दुसरा मार्ग स्वस्त होता. हवा कमी झालेल्या चाकाची परिणामी त्रिज्या किंचित घटते, म्हणून ते इतरांपेक्षा जास्त फेरे घेते. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेसाठी चाकांच्या फेऱ्या मोजल्या जातातच, फक्त त्यांची तुलना करायची. २००२ च्या नियमाने काही काळापुरती दोन्ही मार्गांना मुभा दिली.

पण तुलनेत एक फट होती. चारही चाकांतील हवा सारखीच कमी झाली तर? मग कोणतेच चाक वेगळे ठरत नाही आणि दिवा लागत नाही. हवा महिनोन्‌महिने हळूहळू झिरपते, तेव्हा नेमके असेच घडू शकते. ग्राहक संघटना न्यायालयात गेल्या आणि २००३ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द केला. २००५ च्या नव्या नियमानुसार एका किंवा चारही चाकांतील हवा ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्क्यांनी कमी झाली, तर २० मिनिटांच्या आत दिवा लागलाच पाहिजे. सप्टेंबर २००७ पासून बनणाऱ्या सर्व हलक्या गाड्यांना तो लागू झाला. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना अशी यंत्रणा सक्तीची झाली.

आता मित्राच्या गाडीकडे वळू. तिला ३२ पौंड हवा हवी, म्हणजे २५ टक्के घट धरली तर दिवा २४ ला लागणार. ऑक्टोबरात, ३३ अंश सेल्सिअसच्या दुपारी, चाकांत २७ पौंड हवा होती असे समजा. डिसेंबरातल्या पहाटे तापमान ९ अंश. मापकावरील आकडा वातावरणाच्या दाबाहून किती अधिक ते सांगतो, म्हणून त्यात १४.७ मिळवू : ४१.७. आकारमान स्थिर असता दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. ४१.७ ला २८२ ने गुणून ३०६ ने भागले की ३८.४ येतात. १४.७ वजा केले की उरतात २३.७. दिवा लागला! गाडी धावून टायर तापले की दाब पुन्हा २४ च्या वर जातो आणि दिवा विझतो.

आम्ही दुसऱ्या दिवशी, गाडी थंड असताना, हवा मोजली. चारही चाकांत ती कमीच होती. ३२ पर्यंत भरली आणि दिवा पुन्हा लागला नाही. सेन्सर निर्दोष होता. तो खरोखर बिघडला, तर बऱ्याच गाड्यांत दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो आणि मग लागून राहतो.

वर्गात हे गणित जरूर करून घ्या. १४.७ मिळवायचे विसरले तर उत्तर किती चुकते, तेही मुलांना काढू द्या. आणि शेवटी त्यांना विचारा, चाकात २५ पौंड हवा असेल तर दिवा काय सांगेल? काहीच नाही. दिवा विझलेला असणे म्हणजे हवा पुरेशी असणे नव्हे. महिन्यातून एकदा, सकाळी, थंड चाकांची हवा मोजण्याचे काम आजही आपलेच आहे.