कोकणातून नेगेवमध्ये: बेने इस्रायलींचे नवे घर

मे 1948 मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाले. दोन वर्षांनी, 1950 मध्ये झालेल्या परतीच्या कायद्याने जगातल्या कोणत्याही ज्यूला तेथे येऊन नागरिक होण्याचा हक्क दिला. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या दृष्टीने हे शेकडो वर्षांनी मायदेशी जाणे होते. परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेली सात जोडपी. पुढे ही मंडळी गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावे गावांवरून पडली. अठराव्या शतकापासून अनेक कुटुंबे मुंबईत आली आणि 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी तेथे पहिले प्रार्थनालय बांधले. फौज, रेल्वे, टपाल आणि सरकारी कचेऱ्या ही पुढच्या पिढ्यांची नोकरीची ठिकाणे झाली.

भारतात त्यांचा धर्मामुळे छळ झाला नव्हता. त्यामुळे युरोपातून किंवा अरब देशांतून आलेल्यांप्रमाणे जीव वाचवण्यासाठी ते निघाले नाहीत. धर्मश्रद्धा हे एक कारण होते. इंग्रज गेल्यावर नोकरीचे काय होईल ही धास्ती हे दुसरे, आणि आधी गेलेल्या भावाबहिणींची ओढ हे तिसरे. दारात कोणी हाकलायला उभे नव्हते, म्हणूनच नव्या घरातली प्रत्येक गैरसोय त्यांना मागच्या घराशी ताडून पाहता येत होती.

सुरुवातीच्या काळात येणाऱ्यांची सोय पत्र्याच्या आणि कापडाच्या छावण्यांत होई. 1949 पासून देशभर रेशनिंग होते. स्थलांतरितांची सोय पाहणाऱ्या ज्यूइश एजन्सी या संस्थेकडून मिळणारी लोखंडी खाट आणि गादी हाच पहिला संसार. तांदूळ दुर्मिळ होता. त्याची उणीव भरून काढायला पंतप्रधान बेन गुरियन यांच्या सूचनेवरून गव्हाच्या पिठाचे भाजलेले दाणे, ‘प्तितिम’, बाजारात आणले गेले. दोन्ही वेळा भात खाणाऱ्या कोकणी घराला ही तडजोड फारशी रुचली नसावी. त्यात मुंबईत कारकुनी केलेल्यांना नेगेवच्या वाळवंटात अंगमेहनतीची कामे मिळाली. काळ्या रंगावरून दुय्यम वागणूक मिळते, ही तक्रार तर होतीच. 1951 च्या अखेरीस बीरशेबा भागातल्या काहींनी एजन्सीसमोर धरणे धरले आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. 1952 मध्ये शंभराहून अधिक जणांना विमानाने मुंबईला आणून सोडण्यात आले. थोड्याच काळात त्यांच्यातल्या अनेकांनी पुन्हा इस्रायलला नेण्याची विनंती केली. ही घटना धरसोडीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, पण ते न्याय्य नाही. मुंबईतली बिऱ्हाडे मोडून, नोकऱ्या सोडून ही माणसे गेली होती. परतून आल्यावर इथेही त्यांची जागा उरली नव्हती.

1950 च्या दशकाच्या मध्यापासून सरकारने बंदरावरून किंवा विमानतळावरून लोकांना थेट नव्या वस्त्यांत पाठवायला सुरुवात केली. 1955 मध्ये वसवलेले दिमोना, तसेच बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला, किर्यात गात या गावांत बेने इस्रायलींची वस्ती वाढली. घरे लांबट इमारतींतली, बेताच्या खोल्यांची. दिमोनात कापडगिरण्या निघाल्या आणि हाताला नियमित काम मिळाले. राहण्याचा प्रश्न मार्गी लागला.

मान्यतेचा प्रश्न त्याहून बिकट निघाला. इस्रायलमध्ये ज्यूंचे लग्न धर्मपीठच लावते, नोंदणी विवाहाची सोय नाही. बेने इस्रायली अनेक शतके इतर ज्यूंपासून तुटलेले होते. घटस्फोट आणि विधवाविवाह यांबाबत शास्त्राचे नियम त्यांनी पाळले असतील का, अशी शंका काही रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, काढली. 1962 मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांच्या काळात आदेश निघाला, की बेने इस्रायली वधू किंवा वराची वंशावळ शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत तपासावी. ज्या देशात मायदेश म्हणून आलो तिथेच आपण ज्यू असल्याचे सिद्ध करायचे, हा अपमान समाजाच्या जिव्हारी लागला. 1964 च्या उन्हाळ्यात नेगेवमधली कुटुंबे मुलाबाळांसह जेरुसलेमला धरणे धरून बसली. 17 ऑगस्ट 1964 रोजी संसदेने, म्हणजे क्नेसेटने, बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला. महिनाअखेरीस धर्मपीठाने आदेशातून त्यांचे नाव काढले. शंका असेल तिथे कोणाचीही चौकशी करावी, असा मोघम मजकूर मात्र ठेवला.

घरात काय टिकले हे पाहायचे तर मलिद्याकडे पाहावे. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची आणि सुकामेवा एकत्र करून ताटात त्याची रास रचतात, वर पाच प्रकारची फळे मांडतात. मग एलिया प्रेषिताच्या नावाने हिब्रू प्रार्थना आणि गीते म्हणतात व उपस्थितांना प्रसादासारखे वाटप होते. अलिबागजवळ खंडाळ्याच्या कातळावर एलियाच्या रथाच्या चाकाची खूण आहे अशी श्रद्धा असल्याने तिथे नवस फेडले जात. इस्रायलमध्ये त्यांची पावले हैफाच्या कार्मेल डोंगरावरील एलियाच्या गुहेकडे वळली. लग्न, बाळंतपण, फौजेतून सुखरूप परतलेला मुलगा, नव्या घरात प्रवेश, अशा प्रत्येक निमित्ताने मलिदा होतो. दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची छोटी डबी, लावण्याचा विधी सर्वच ज्यूंचा. मलिद्याची रास फक्त बेने इस्रायलींची. लग्नाआधीची मेंदीही अशीच टिकली.

भाषेला तितके बळ मिळाले नाही. मुले शाळेत आणि सैन्यात हिब्रूत वाढली, मराठी आजीआजोबांशी बोलण्यापुरती राहिली. 1880 च्या सुमारास मुंबईत सुरू झालेली ज्यू कीर्तने, ज्यांत बायबलमधल्या कथा मराठी पदांतून सांगत, इस्रायलमध्ये काही हौशी महिलांनी पुन्हा उभी केली. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्रायलमधूनच निघू लागले. पण वाचक बहुतेक भारतात शिकलेले. क्रिकेटचे त्याउलट झाले: बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद इथले क्लब मुख्यतः भारतीय वंशाच्या खेळाडूंवर चालतात.

भारताने इस्रायलला 1950 मध्येच मान्यता दिली होती, तरी पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी 1992 मध्ये जुळले. त्यानंतर जाणे-येणे सोपे झाले आणि रायगडातली मूळ गावे पाहायला येणारी कुटुंबे वाढली. भारतातल्या ज्यूंची संख्या 1951 च्या जनगणनेत 26 हजारांच्या आसपास होती, 1971 मध्ये ती सहा हजारांच्या खाली गेली. इस्रायलमध्ये आज भारतीय वंशाचे सुमारे 85 हजार ज्यू आहेत असे सांगितले जाते आणि त्यांत बेने इस्रायलींचा वाटा सर्वांत मोठा आहे.