उन्हापेक्षा गाठ जड: त्वचेच्या कॅन्सरचा आपल्याकडचा इतिहास

आजचा विषय आहे त्वचेचा कॅन्सर. हा शब्द ऐकला की आपल्याला आधी सनस्क्रीनची जाहिरात आठवते. त्यात माझं गाव सोनाळा, संग्रामपूर तालुका, सातपुड्याच्या पायथ्याशी. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात इथे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली गायब होते. एवढं ऊन म्हटल्यावर कारणही ऊनच असणार, असं कुणालाही वाटेल. पण महाराष्ट्रातला या आजाराचा इतिहास शोधायला गेलं, की बोट उन्हाकडे न जाता कमरेच्या गाठीकडे जातं.

आधी जगाची गोष्ट थोडक्यात. १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट या सर्जनने दाखवलं, की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे अंडकोशाच्या त्वचेचा कॅन्सर होतो आणि त्याचं कारण आहे काजळी. म्हणजे बाहेरची एखादी गोष्ट रोज अंगाला लागून कॅन्सर होऊ शकतो, हे तेव्हा कळलं. उन्हाचा नंबर बराच उशिरा लागला. १८९० च्या दशकात जर्मन डॉक्टर उन्ना यांनी खलाशांच्या चेहऱ्यावरच्या खराब झालेल्या त्वचेचं वर्णन केलं. १९२८ मध्ये फिंडले या शास्त्रज्ञाने अतिनील किरणांमुळे उंदरांना त्वचेचा कॅन्सर होतो हे प्रयोगात दाखवलं. आणि १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाने शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी घाला अशी मोठी मोहीमच काढली. गोऱ्या कातडीची माणसं आणि कडक ऊन, असा तो मामला होता.

आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त असतं. ते अतिनील किरण बरेचसे अडवतं, त्यामुळे भारतात उन्हाने होणारा त्वचेचा कॅन्सर तुलनेने कमी दिसतो. मग आपल्या डॉक्टरांना काय दिसलं?

काश्मीरमध्ये थंडीत लोक फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसतात. तिथे पोटाच्या आणि मांडीच्या त्वचेला होणारा कॅन्सर एल्म्स्ली नावाच्या मिशनरी डॉक्टरने १८६६ मध्येच नोंदवला होता. पुढे १९४१ मध्ये मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी एक साधा प्रश्न धरला: माणूस रोज काय करतो, काय नेसतो, आणि त्याचा त्याच्या कॅन्सरशी काही संबंध आहे का? १९४५ मध्ये त्यांनी बी. सूर्याबाई यांच्यासोबत एक शोधनिबंध छापला. रोजच्या सवयींशी जोडलेले, भारतात दिसणारे कॅन्सरचे तीन नवे प्रकार त्यात होते. त्यातला एक म्हणजे ‘धोती कॅन्सर’.

धोतर रोज एकाच जागी घट्ट आवळायचं. त्यात घाम, धूळ आणि वर्षानुवर्षांचं घासणं. आधी कातडी काळी पडते, जाड होते, तिचे पापुद्रे निघतात. मग जखम होते, ती भरत नाही, आणि काही जणांत तिचाच कॅन्सर होतो.

हळूहळू धोतर गेलं, पण गाठ राहिली. नंतरच्या डॉक्टरांनी हेच साडी नेसणाऱ्या बायकांमध्ये पाहिलं आणि त्याला ‘साडी कॅन्सर’ म्हटलं. २०२४ मध्ये आपल्या विदर्भातल्या वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी एका ब्रिटिश जर्नलमध्ये दोन केसेस छापल्या. एक सत्तर वर्षांच्या बाई, नऊवारीखाली घट्ट परकर बांधणाऱ्या. त्यांची कमरेच्या उजव्या बाजूची जखम दीड वर्ष भरली नव्हती. दुसऱ्या बाई साठी ओलांडलेल्या. चाळीस वर्षं परकराशिवाय घट्ट लुगडं नेसत होत्या. त्यांची जखम दोन वर्षं तशीच होती, आणि कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. या डॉक्टरांचं म्हणणं असं, की दोष साडीला देऊ नका, खरा दोष आवळलेल्या नाड्याचा आहे. म्हणून त्यांनी नाव दिलं ‘पेटीकोट कॅन्सर’.

आता ऊन आणि नाडा यांचा संबंध काय? मी कोड लिहिणारा माणूस, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. त्वचेला इजा झाली की शरीर नव्या पेशी बनवतं, म्हणजे जुन्या फाइलची कॉपी काढतं. अतिनील किरण थेट त्या फाइलमधली अक्षरं बिघडवतात. नाडा रोज घासून पुन्हा पुन्हा कॉपी काढायला लावतो. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करतं. पण तीस-चाळीस वर्षं रोज तेच चाललं, तर एखादी चूक निसटते. एका दिवसाच्या उन्हाने किंवा एका दिवसाच्या गाठीने काही होत नाही. रोजचं साचत जातं.

म्हणून उन्हाची काळजी घ्याच. दुपारची कामं टाळता आली तर टाळा, डोक्याला रुमाल किंवा दुपट्टा बांधा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. ज्यांच्या त्वचेत जन्मापासून रंगद्रव्यच नाही, त्यांनी तर उन्हाला फारच जपायला हवं.

पण घरातल्या आजीला, मावशीला एक प्रश्न नक्की विचारा: “कमरेला काळं पडलंय का, खाज येते का, काही चिघळलंय का?” आपल्याकडच्या बायका हे दुखणं पदराआड ठेवतात, हळद लावतात आणि वरून पुन्हा तीच गाठ मारतात. नाडा रुंद घ्या, सैल बांधा, बांधायची जागा थोडी वर-खाली बदलत राहा, घरात असताना कंबर मोकळी ठेवा. आणि शरीरावर कुठलीही जखम महिनाभरात भरली नाही, तर मलमावर मलम लावत बसू नका. डॉक्टरांना दाखवा आणि “बायोप्सी लागेल का?” असं स्वतःहून विचारा. आपल्या भागातून अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठता येतं. हा कॅन्सर लवकर सापडला तर बहुतेक वेळा तेवढा भाग काढून बरा होतो. जांघेपर्यंत पोचला, की लढाई मोठी होते.

खानोलकरांनी १९४५ मध्ये जे लिहिलं, ते २०२४ मध्ये पुन्हा लिहावं लागलं. मधल्या जवळपास ऐंशी वर्षांत ही माहिती जर्नलमध्येच पडून राहिली, लुगडं नेसणाऱ्या बाईपर्यंत पोचली नाही. तुमच्या हातात फोन आहे, तेव्हा हा भाग आज संध्याकाळी घरच्यांना मोठ्याने ऐकवा. भेटू पुढच्या भागात!