‘लाहोरचा वर्ग’ : तळटीप

१२. पंजाब विद्यापीठाचा पत्रकारितेचा वर्ग. प्रा. पी. पी. सिंग यांनी तो १९४१ मध्ये लाहोरात सुरू केला. लेखक त्याला ‘देशातला पहिला’ म्हणतात, ते जरा सैल बोलणे झाले. अलीगढला १९३८ मध्येच असा अभ्यासक्रम निघाला होता, पण दोन वर्षांत गुंडाळला गेला. त्याही आधी, १९२० मध्ये, ॲनी बेझंटबाईंनी अड्यारला हा विषय शिकवायला घेतला आणि विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामासाठी आपल्याच ‘न्यू इंडिया’च्या कचेरीत धाडले. टिकला तो लाहोरचा. फाळणीनंतर तो दिल्लीत भरू लागला, १९६२ मध्ये चंडीगढला गेला. गंमत अशी, की लाहोरचे विद्यापीठही आपल्या विभागाचे जन्मसाल १९४१ हेच सांगते. — संपा.