भाड्याच्या खोलीकडून मालकीच्या फ्लॅटकडे

मुंबईत मध्यमवर्गीय माणसाने आपल्या नावावर घर घ्यायची रीत फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरणी कामगार असो वा कारकून, बहुतेकांचे संसार चाळीतल्या भाड्याच्या खोलीतच झाले. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने चाळी बांधल्या, दादर-माटुंग्याला नव्या वसाहती आखल्या. तरीही चाळीत राहणारा भाडेकरूच राहिला.

वेगळी वाट गावदेवीत निघाली. श्रीपाद सुब्राव तल्माकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये तेथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. जागा संस्थेची आणि रहिवासी संस्थेचे सभासद, ही तिची मांडणी होती. घरमालकाच्या मर्जीवर राहण्याचा प्रश्नच त्यामुळे मिटला. आजच्या हाउसिंग सोसायटीचे मूळ या प्रयोगात आहे, आणि त्याचे श्रेय सहसा दिले जात नाही.

मालकीच्या घराकडे शहर खऱ्या अर्थाने वळले ते १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर. या कायद्याने जुनी भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. भाडेकरूला मोठे संरक्षण मिळाले, पण भाड्यासाठी नवी इमारत बांधणे परवडेनासे झाले आणि जुन्या इमारतींची डागडुजी खुंटली. रिकाम्या खोलीसाठी पागडी, म्हणजे भाड्यापलीकडची एकरकमी रक्कम, मोजावी लागे. अनेक वर्षे हा व्यवहार पावतीशिवाय चाले. त्याला कायद्याची मान्यता १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने दिली. पागडीची खोली पूर्णपणे आपली कधीच होत नाही. ती दुसऱ्याला देताना घरमालकाची संमती लागते आणि त्याचा वाटाही द्यावा लागतो. मालकीच्या फ्लॅटचे आकर्षण यातूनच कळते: तो वारसांना देता येतो, विकता येतो, गहाण ठेवता येतो. १९७७ मध्ये एचडीएफसी स्थापन झाल्यावर नोकरदाराला पगाराच्या आधारावर दीर्घ मुदतीचे गृहकर्ज मिळू लागले.

मालकीचे फ्लॅट विकले जाऊ लागताच फसवणूकही सुरू झाली होती. बांधकाम व्यावसायिकांच्या गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी राज्याने १९६३ मध्ये मालकी सदनिका कायदा, म्हणजे ‘मोफा’, आणला. किमतीच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याआधी लेखी, नोंदणीकृत करार करणे आणि जमिनीचा हक्क उघड करणे बिल्डरवर बंधनकारक झाले. इमारतीसह जमीन सोसायटीच्या नावे करून देण्याची, म्हणजे कन्व्हेयन्सची, जबाबदारीही त्याच्यावर आली. हीच तरतूद सर्वांत जास्त टाळली गेली. जमीन बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर राहिली, तर पुनर्विकासाच्या वेळी सोसायटीचे हात बांधलेले राहतात. अखेर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डर टाळत असला तरी कन्व्हेयन्स मिळवण्याचा, मार्ग खुला केला. जुना फ्लॅट घेताना म्हणूनच शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याच्या दाखल्यावर थांबू नये; मालमत्ता पत्रकावर कोणाचे नाव आहे ते पाहावे. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेणे खर्चाचे वाटले, तरी ते टाळू नये.

भोगवटा प्रमाणपत्राचे, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याच्या पालिकेच्या दाखल्याचे, मोल वरळीच्या कॅम्पा कोला संकुलाने शिकवले. १९८० च्या दशकात तेथे मंजूर नकाशापेक्षा कितीतरी जास्त मजले चढले आणि कुटुंबे अनेक वर्षे त्यांत राहिली. तरीही ते मजले अनधिकृतच ठरले आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रहिवाशांना दिलासा नाकारला. ताबा मिळाला म्हणजे घर कायदेशीर झाले, असे होत नाही.

मोकळ्या स्टिल्ट पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईतल्याच एका सोसायटीच्या प्रकरणात दिला. पुढे केंद्राचा २०१६ चा रेरा कायदा आला आणि २०१७ मध्ये महारेरा हे राज्याचे प्राधिकरण सुरू झाले. चटई क्षेत्राची व्याख्या ठरली, करारापूर्वी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्यास बंदी झाली आणि ग्राहकांच्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे सक्तीचे झाले. बांधकामातील दोष पाच वर्षांच्या आत दाखवून दिला, तर तो विनामोबदला दुरुस्त करणे विकासकाला भाग आहे. नोंदणी क्रमांकावरून प्रकल्पाचे मंजूर नकाशे, ताब्याची जाहीर केलेली तारीख आणि चालू असलेले दावे महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात.