पंधरा जादा प्रती

डांगरेक डोंगररांगेच्या एका कड्यावर, सुमारे 525 मीटर उंचीवर, ख्मेर राजांनी बांधलेलं प्रेह विहेअरचं शिवमंदिर आहे. थायलंडच्या बाजूने तिथे हलका चढ आहे. कंबोडियाच्या बाजूला सरळ तुटलेला कडा. जागा पाहून कुणीही म्हणेल, हे थायलंडचंच. पण ते कंबोडियाचं आहे. कारण एक जुना नकाशा.

1904 साली सयाम, म्हणजे आजचा थायलंड, आणि कंबोडियावर राज्य करणारा फ्रान्स यांच्यात करार झाला. इथली सीमा पाणलोटाच्या रेषेने जाईल, असं ठरलं. म्हणजे पावसाचं पाणी ज्या धारेवरून दोन बाजूंना वाहून जातं, ती रेषा. नकाशे काढायचं काम सयामने फ्रेंच अधिकाऱ्यांवरच सोपवलं. 1908मध्ये ते नकाशे सयामच्या हाती आले. त्यात मंदिर कंबोडियात होतं. गृहमंत्री राजपुत्र दामरोंग यांनी आभार मानले आणि प्रांताधिकाऱ्यांसाठी आणखी 15 प्रती मागवल्या.

1930मध्ये दामरोंग मंदिर पाहायला गेले. स्वागताला फ्रेंच अधिकारी हजर, वर फ्रेंच झेंडा. निषेध नाही. 1934-35च्या सर्वेक्षणात नकाशातली रेषा आणि खरा पाणलोट जुळत नाहीत, हे सयामला कळलं. तरीही तक्रार नाही.

फ्रेंच गेल्यावर 1954मध्ये थाई सैनिक मंदिरात येऊन बसले. कंबोडिया आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 15 जून 1962 रोजी 9 विरुद्ध 3 मतांनी निकाल लागला: मंदिर कंबोडियाचं. पाणलोट नेमका कुठे, यात न्यायालय शिरलंच नाही. इतकी वर्षं गप्प राहिलात, म्हणजे नकाशा मान्य केलात, एवढंच. अटी न वाचता 'मान्य आहे'वर बोट ठेवणाऱ्या आपल्या पिढीला हे नवं वाटू नये.

मंदिराचा निकाल लागला, भोवतालच्या 4.6 चौरस किलोमीटरचा राहिला. 2008मध्ये मंदिर जागतिक वारसा यादीत गेलं आणि वाद पेटला. 2011मध्ये तोफा चालल्या. 2013मध्ये न्यायालयाने मंदिराचा संपूर्ण कडाही कंबोडियाला दिला. पण उरलेल्या सीमेवर कंबोडिया आजही 1:2,00,000चा तो फ्रेंच नकाशा पुढे करतो, तर थायलंड स्वतःचा 1:50,000चा. जुलै 2025मध्ये याच सीमेवर पाच दिवस लढाई झाली. डझनावारी माणसं मेली, लाखोंनी घरं सोडली.

त्या फ्रेंच नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 200 मीटर. तेवढ्यात एक वस्ती सहज बसते.