नागपूरचा रस्ता आणि सातपुड्याचें रान

रस्ता कोणासाठीं, या प्रश्नाला सबंध देशाच्या दृष्टीनें पहिलें सविस्तर उत्तर नागपुरांत मिळालें. १९२७ सालीं बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें रस्त्यांचा प्रश्न राष्ट्राचा मानला होता; परंतु आराखडा तयार होण्यास १९४३ चा डिसेंबर उजाडावा लागला. महायुद्ध चालू असतांच प्रांतोप्रांतींचे मुख्य अभियंते नागपुरास जमले व त्यांनीं वीस वर्षांची योजना आंखली. तीच पुढें ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्धीस आली.

राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हारस्ते आणि ग्रामरस्ते अशी प्रतवारी या योजनेनें केली. शेतीच्या प्रदेशांत कोणतेंही गांव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून दूर असूं नये, हें तिचें सूत्र. पावसाळ्यांत काळ्या मातींत ज्यांच्या बैलगाड्या रुतत, त्या वऱ्हाड-नागपुरच्या शेतकऱ्यांना या सूत्राचें मोल सांगावयास नको. मात्र त्यांत मोजमाप होतें तें माणसाच्या गरजेचें. दोन गांवांमधील रान हें केवळ तोडावयाचें अंतर होतें.

ही उणीव पुढें नागपूरच्याच वेशीवर उघड झाली. कामठी, कन्हान, मनसर, देवलापार या वाटेनें उत्तरेस सिवनीकडे जाणारा रस्ता वाराणसी-कन्याकुमारी या सातव्या राष्ट्रीय महामार्गाचा भाग होता. २०१० च्या फेररचनेंत त्यास ४४ हा क्रमांक मिळाला. किपलिंगनें १८९४ च्या ‘जंगल बुक’मध्यें ज्या सिवनीच्या टेकड्या जगापुढें आणल्या, त्यांच्याच परिसरांतील पेंचचें हें अरण्य. महाराष्ट्रांतील पेंच १९९९ सालीं व्याघ्रप्रकल्प झाला. येथील वाघ कान्हा आणि नागझिऱ्याकडे ज्या वनपट्ट्यांतून जातो, तोच पट्टा हा महामार्ग छेदतो.

रस्ता चौपदरी करण्याचें ठरलें, तेव्हां वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेला. मालमोटारींची गर्दी खरी होती, तशीच रानाची हानिही खरी होती. अखेर महाराष्ट्राच्या हद्दींत रस्ता ९ ठिकाणीं उचलून घेण्यांत आला : ५ भुयारी मार्ग व ४ लहान पूल, रुंदी ५० पासून ७५० मीटरपर्यंत. वर वाहनें, खालीं रानवाट. २०१९ सालीं भारतीय वन्यजीव संस्थेनें तेथें कॅमेरे लावले, तेव्हां वाघ, रानकुत्रे, चितळ यांसह १८ जातींचे वन्य प्राणी पुलांखालून ये-जा करतांना आढळले. नागपूर योजनेंत ज्यांची गणती नव्हती, ते प्रवासी अशा रीतीनें रस्त्याच्या हिशेबांत आले.

तथापि सर्वच कांहीं वांचलें नाहीं. दुतर्फा छाया धरणारीं जुनीं झाडें रुंदीकरणांत गेलीं, आणि रस्त्याचें पूर्वींचें शांत रूपही त्यांच्याबरोबर गेलें. पुलानें वाघाची वाट राखतां येते. शंभर वर्षांची सावली पुन्हा उभारतां येत नाहीं.

येथें १९४३ च्या त्या प्रतवारीचें स्मरण उपयोगी पडेल. त्या अभियंत्यांनीं ग्रामरस्त्यास स्वतंत्र स्थान दिलें होतें. तो महामार्गाचा अपुरा राहिलेला तुकडा त्यांनीं मानला नव्हता. प्रत्येक गांवास रस्ता मिळाला पाहिजे. पण प्रत्येक रस्ता महामार्ग झाला पाहिजे, असें त्या योजनेंत कोठेंही अभिप्रेत नव्हतें. रामटेकच्या तलावांकडे किंवा रानांतील खेड्यांकडे वळणाऱ्या वाटा रुंद करण्यापूर्वीं हा भेद ध्यानांत घेतला, तर माणसाची सोय आणि भूमीचें रूप हीं दोन्ही टिकतील.